चाक त्याचं, थापी माझी

१२ जानेवारी २०२५, रविवार. उम्म अल कुवैन

डॉक्टर म्हणाले, “आजी, रोजचं रोज कुणाला तरी सांगत जा, म्हणजे डोकं चालू राहील.” दिवाळीत माझा उजवा हात दोन दिवस लुळा पडला होता, तोंडही जरा वाकडं झालं होतं. हात परत आला. तोंड आधीपासूनच वाकडं बोलायचं, त्यामुळे ते बरं झालं की नाही हे घरात कुणाला कळलं नाही.

म्हणून ही डायरी. टाइल्सच्या कंपनीने रणजितला भेट दिलेली आहे, पानापानावर बाथरूमचे फोटो. मी सांगते, अर्चना लिहिते. अर्चना माझी सून. मला अक्षर येत नाही. मी बोलते ते ती धुऊन-पुसून शुद्ध करून लिहिते, हे मला तिचं पेन थांबतं त्यावरून कळतं. शुद्ध कर म्हटलं, पण गाळू नको. शपथ घातली आहे.

रणजित माझा मुलगा. इथे आखातात टाइल्स, बेसिन, कमोड विकतो. आमच्या सात पिढ्या मडकी घडवून गेल्या आणि हा संडासाची भांडी विकतो. तीही भाजलेल्या मातीचीच, म्हणून मी नावं ठेवत नाही. मुलाने सोडलेलं चाक नातवाने धरलं. कुणाल सव्वीस वर्षांचा आहे, इंजिनियरिंग अर्ध्यात टाकून मातीत बसला. आमचे हे गेल्या साली गेले, नाहीतर त्यांना बघून बरं वाटलं असतं. त्यांचं चाक कोरेगावकडच्या घरी भिंतीला उभं आहे. मी फक्त माझी मडकी बडवायची लाकडी थापी घेऊन आले. विमानतळावर पोलिसाने विचारलं, “ये क्या है?” मी म्हटलं, “मेरा हथियार.” रणजितने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच बॉम्ब आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. हुमैद आला होता. हा इथलाच अरबी पोरगा, चोवीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी कुणालकडे माती शिकायला आला आणि शिकून झालं तरी गेला नाही. मला अम्मा म्हणतो. आमचं दोघांचं हिंदी सारखंच मोडकं, त्यामुळे भांडायला मजा येते.

मी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. “ये खाके मीठा बोलने का.”

“अम्मा, मैं तो मीठाच बोलता. आप कब बोलेगा?”

“मेरेको शुगर है. डॉक्टर ने मना किया.”

महिनाअखेरीला तो लष्करात चालला. नोकरी म्हणून नाही. इथल्या प्रत्येक पोराला जावंच लागतं, जवळजवळ वर्षभर. शिकत होता म्हणून थांबले होते, आता बोलावणं आलं. आमच्याकडे पोरं भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळून पळून पोटऱ्या फोडतात आणि त्यांना घेत नाहीत. इथे नको म्हणणाऱ्याला नेतात. मी म्हटलं, “बदली में हमारे गाव का दो आदमी लेके जाव.”

“कुणाल को भेज दूँ, अम्मा?”

कुणाल हसला नाही. खाली बघून “आय वुड गो” म्हणाला. अर्चना, हे बरोबर लिहिलंस का? काय अर्थ, गेलो असतो? बघा. चाक हातात दिलं तर ह्याला बंदूक पाहिजे.

२० जानेवारी, सोमवार

कुणालने मला अल क्वोजला नेलं. तिथे त्याची शेड आहे. एका बाजूला गाड्यांचे पत्रे ठोकतात, दुसऱ्या बाजूला मजुरांच्या राहायच्या खोल्या, मधे हे दोघं चिखल करतात. एप्रिलमध्ये प्रदर्शन आहे म्हणे.

दोघांनी मिळून शिपायाच्या पाण्याच्या बाटल्या करायला घेतल्यात. गोल, चपट्या, पट्ट्यात अडकवायला कान असलेल्या. दहा जोड्या. जोडीतली एक कुणाल चाकावर काढतो, ती नीट असते. दुसरी हुमैद नुसत्या हाताने करतो. ती जाडजूड, आणि अंगभर बोटांचे खड्डे, जणू गाढवाने पाय दिलाय. आणि एकीलाही बूड नाही. एकटी ठेवली की लोळते. दुसरीला टेकवली तर दोन्ही उभ्या राहतात.

मी म्हटलं, “थांब, कापडाच्या चुंबळी वळून देते. एकेक आपली आपली बसेल.”

“नको, आजी. अशाच ठेवायच्या आहेत.”

“आणि कुणी एक उचलून नेली तर?”

“तर दुसरी पडेल.”

“हे मला अडाणीलाही कळतं. ह्यात दाखवायचं काय?”

मग कुणालने मला भाजून झालेली एक बाटली दिली आणि तोंडाला डोळा लावायला सांगितलं. बाहेरून वाळूचा रंग, इथल्या सैनिकांच्या कपड्यांसारखा. आत बघितलं तर जास्वंदीसारखी लालभडक. मी म्हटलं, “एवढा सुंदर रंग आत घालून काय उपयोग? उलटी करा, लाल बाहेर घ्या.”

हुमैद म्हणाला, “अम्मा, उल्टा किया तो टूट जाएगा.”

“मग कुणाला दिसणार?”

कुणाल म्हणाला, “जो डोळा लावेल त्याला.”

अर्चनाला हे सांगताना तिचं पेन बराच वेळ थांबलं होतं. काय झालं विचारलं तर म्हणाली, “आई, पेन अडतंय.” नवं पेन आणायला सांगितलं आहे.

२५ जानेवारी, शनिवार

उद्या हुमैद जाणार. चारच बाटल्या भाजून झाल्यात त्याच्या, सहा राहिल्या होत्या. त्या आज आमच्या अंगणात बसून केल्या, कारण शेडमध्ये एसीच्या वाऱ्याने माती लवकर तडकते. गळे नंतर बसवायचे, आता नुसती पोटं. मूठ आत जाईल एवढं तोंड.

त्याचं काम बघत बसले. आमच्यात असं कुणी करत नाही. तो अंगठा मातीवर ठेवायचा, दाबायचा, आणि काढायचाच नाही. जणू पलीकडून कुणी दाबतंय का बघतोय. मी म्हटलं, “अरे, वो माती है, डॉक्टर का नाडी नहीं.” तर म्हणाला, “अम्मा, एक साल मैं नहीं. ये रहेगा.” मी म्हटलं राहील बापडं, माती कुठे जाते.

डोकं त्याने आधीच भादरून घेतलं होतं. कानशिलावर बोटं मोडून मी त्याची दृष्ट काढली, मेथीचे लाडू दिले. कुणाल त्याला सोडायला फाटकापर्यंत गेला. मग दोघं गाडीत बसले ते अर्धा तास. गाडी चालू, पण जागची हलली नाही. एवढं काय बोलायचं उरतं कोण जाणे. अर्चना स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती, भाजी करपली.

लिही गं. करपलीच होती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कुणाल जेवताना फोन ताटाशेजारी ठेवतो. पहिले काही आठवडे तिकडे पोरांना फोन देत नाहीत, हे त्यानेच मला सांगितलं. तरी बघतो. मी म्हटलं, “अरे, नवऱ्याला बोटीवर चढवून आलेली नवी नवरीसुद्धा ह्याच्यापेक्षा दोन घास जास्त खाते.”

मी एकटीच हसले. रणजितने हातातला घास खाली ठेवला. “आई, काहीही काय बोलतेस.”

“गंमत केली रे.”

“नको करत जाऊ. असली नको.”

कुणाल उठून गेला. अर्चनाने त्याचं ताट झाकून ठेवलं. माझ्या थट्टेला एवढा मान ह्या घरात पहिल्यांदाच मिळाला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज हातांनी काम केलं. किती दिवसांनी.

कुणाल दोन दिवस अबुधाबीला गेला आहे, तिथल्या शाळेत मुलांना मातीकाम शिकवायला. जाताना सांगून गेला, “आजी, त्या सहा बाटल्यांवरचं फडकं ओलं ठेव. बाकी काही नको करू.” फडकं काढलं, बघितलं. माती अशी आली होती की ना ओली ना सुकी, थापीला बोलावत होती.

आता हे समजायला आमची रीत सांगायला हवी. आमच्यात चाकाला बाईने हात लावायचा नाही. चाक पुरुषाचं. पण पुरुष काढतो तो नुसता जाड गोळा. त्याला आतून दगडाचा गोटा धरायचा, बाहेरून लाकडी थापीने बडवायचं, फिरवत फिरवत, बारीक बारीक, तेव्हा त्याचं मडकं होतं. ते काम बाईचं. लग्न झाल्यावर पहिल्या दिवशी सासूने पुढ्यात ओळीने गोळे ठेवले होते. माणूस चाक सोडून उठला की पुढचं आपलं, त्यात सांगायचं-विचारायचं नसतं. भात शिजल्यावर वाढायला कुणी परवानगी मागतं का?

म्हटलं, पोरगं वाळवंटात पाय आपटतंय, त्याचं काम अर्धवट पडलंय. पूर्ण करून ठेवू.

गोटा नव्हता, तर अर्चनाचा बत्ता घेतला. उजवा हात आधी ऐकेना. मग पहिल्या बाटलीला दोन फेरे मारले आणि आठवलं त्याला सगळं. थप थप थप, मग नुसतं टप टप. अर्चना चहा घेऊन आली ती दारातच उभी राहिली. मी म्हटलं, “बघतेस काय, सूनबाई? ये, शीक.” ती काही बोलली नाही. टायलीचं घर ते, तिला काय समजणार.

संध्याकाळपर्यंत सहाही झाल्या. पातळ, सारख्या, बोट फिरवलं तर कुठे अडत नाही. एकही खड्डा ठेवला नाही. ह्यांच्यानंतर पहिल्यांदा मला मी कुणीतरी आहे असं वाटलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कुणाल आला. मी त्याला बोलूच दिलं नाही, हाताला धरून अंगणात नेलं आणि फडकं उचललं.

त्याने एक बाटली हातात घेतली. फिरवली. पुन्हा फिरवली. मग दुसरी. सहाही बघितल्या, पाठीपोटाने. मग तिथेच फरशीवर बसला. उन्हातून गाडी चालवत आलेला, दमला असेल.

“कसं झालंय?” मी विचारलं.

त्याने माझ्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला, “छान केलंस, आजी.”

“तुझ्या त्या मित्राला सांग. म्हणावं, फुकट केलंय.”

“सांगतो.”

मला जवळ घेतलं त्याने. पोरगं सोडेचना, ताप आलाय वाटलं. क्रोसिन दिली.

१७ फेब्रुवारी

ताप नाही. जेवत मात्र नाही. अर्चना हल्ली त्याच्या आवडीचं करते आणि तोच डबा दुपारी परत येतो.

८ मार्च, शनिवार

रमजान चालू आहे. दिवसा रस्ते गप्प असतात. कुणालने सहाही बाटल्यांना गळे बसवून भट्टीत घातल्या होत्या, आज आल्या. मी एकेकीला बोटाने टिचकी मारली. ठण्ण. एकही बद्द वाजली नाही. कुणालला म्हटलं, “वाजवून बघ की.” म्हणाला, “तू वाजवलीस ना.”

२० मार्च, गुरुवार

घरात वादळ. नीट सांगते.

प्रदर्शन भरवणारी बाई पर्णिका. पुण्याची आहे, बोलते इंग्रजी. तिने आमंत्रणाचं पत्रक सगळीकडे पाठवलं. त्यावर फोटो: एकाच ओल्या बाटलीवर चार हात, दोन कुणालचे, दोन हुमैदचे, एकमेकांवर. खाली दोघांची नावं. मला कुणालने फोनवर दाखवला. मी म्हटलं, छान आहे, फक्त नखं कापायला हवी होती.

संध्याकाळी रणजित दुकानातून आला तो बूट न काढताच. “हे काय आहे?”

“पपा, इट्स अ फोटो.”

“मला दिसतंय फोटो आहे. त्या पोराचे काका लष्करात मोठे आहेत. माझं लायसन्स आहे इथे, सगळ्यांचे व्हिसा आहेत. पंचवीस वर्षं झाली, अजून पाहुणाच आहे मी. एक शब्द उठला ना, एक, तर खलास. कळतंय?”

“काय शब्द, पपा? तुम्ही बोला ना तो.”

रणजित खाली बसून बुटाची नाडी सोडायला लागला. मी म्हटलं, “अरे, दोन पोरांनी एका मडक्याला हात लावला तर सरकारला काय त्रास?” दोघांनी माझ्याकडे बघितलं, आणि कुणालला हसू आलं, पण ते बघून मला बरं वाटलं नाही.

मग रणजितने दुसरा विषय काढला. अबुधाबीत साताऱ्याकडचं एक कुटुंब आहे, केटरिंगचा धंदा, मुलगी मनाली. फोटो आणला होता. मुलगी गोड आहे. कुणाल म्हणाला, “शी डिझर्व्हज बेटर,” आणि खोलीत गेला. अर्चना म्हणते, म्हणजे तिला आणखी चांगला मिळायला हवा. एवढा नम्रपणा लग्नाच्या बाजारात चालत नाही.

३० मार्च, रविवार

पाडवा आणि ईद एकाच दिवशी आली. सकाळी गुढी उभारली, शेजारच्यांकडून शेवया आल्या. कुणालने पहाटेच अंघोळ केली. सुट्टीला सोडतात म्हणे. मी श्रीखंडाची वाटी हुमैदसाठी वेगळी काढली.

दुपारी गाडी आली. उतरली एक मुलगी, काळ्या अबायात, हातात खजुराचा डबा. मरियम, हुमैदची मोठी बहीण. गाडी चालूच होती.

ती आम्हा बायकांत बसली. शेवया खाल्ल्या, श्रीखंडाला छान म्हणाली, माझ्या तब्येतीचं विचारलं. हिंदी भावापेक्षा चांगलं. मग वाटी खाली ठेवून म्हणाली, “अम्मा, मैं एक बात बोलने आयी. हुमैद का निकाह तय हुआ. चाचा की बेटी से. ईद के बाद, इन्शाल्ला.”

मी म्हटलं, “मुबारक! खुद क्यों नहीं आया बोलने?”

ती अर्चनाकडे बघून बोलली. काकांनी ते पत्रक पाहिलंय. हुमैदचं नाव काढा. त्याच्या हातचं काहीही प्रदर्शनात नको, आणि कुणाच्या घरात पण नको. “मेरे भाई के हाथ का कुछ भी नहीं रहना चाहिए. आप माँ हो. आप समझता है.”

अर्चना म्हणाली, “समझती हूँ.” एवढंच. मी विचारलं, काय समजलं? तर म्हणाली, “नंतर, आई.”

मी वाटी घेऊन बाहेर गेले. अर्चना मागून हाका मारत होती. गाडीची काच काळी होती, टकटक केलं, खाली आली. हुमैदच. गालांची हाडं वर आलेली, ऊन लागून रंग गेलेला.

“उतर की रे. तेरा घर है.”

“अम्मा, टाइम नहीं.”

“दो मिनिट. कुणाल ऊपर है.”

“मालूम,” म्हणाला. वर खिडकीकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, मान धरून ठेवली होती. मी वाटी पुढे केली. त्याने हात स्टिअरिंगवरून काढला नाही, मग मीच चमच्याने एक घास तोंडात घातला. त्याने तो गिळला नाही. तोंडात तसाच ठेवून काच वर केली.

वर बघितलं तर कुणाल खिडकीत होता. मी हात केला. त्याने केला नाही.

१ एप्रिल, मंगळवार

आज कुणालशी बोलले. तो अंगणात बसला होता, मी शेजारी खुर्ची ओढली.

“त्याच्या हातच्या किती आहेत?”

“चार.”

“चार कशा? दहा केल्या ना त्याने?”

तो हातातली काडी मोडत बसला.

“सहा अंगणात केल्या की. मी बघितलंय.”

“आजी, त्या सहामध्ये आता त्याचं काही नाही.”

मला तेव्हा समजलं. सांगायला लाज वाटते, पण लिही. ते खड्डे म्हणजे काम बाकी राहिलेलं नव्हतं. तेच काम होतं. पोरगं अंगठा दाबून बसायचं ते एवढ्यासाठी. मी बत्ता आणि थापी घेऊन सगळं पुसलं, आणि वर शाबासकी मागितली. आणि ह्याने दिली.

“तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तू किती खूश होतीस.”

मी त्याचे पाय धरायला वाकले, त्याने धरू दिले नाहीत. मग तो रडला. इतका रडला की मला आमचे हे गेले तेव्हाची मी आठवले, आणि मी इतकी रडले नव्हते. अशा रडण्याला आमच्याकडे एक शब्द आहे, पण तो बाईमाणसाबद्दल वापरतात. म्हणून नाही बोलले. भाऊ नसलेल्या पोराला भाऊ मिळाला होता, असं मी मनाला सांगितलं. मनाने ऐकलं की नाही माहीत नाही.

५ एप्रिल, शनिवार

चारही बाटल्या आज फोडल्या.

रणजित म्हणाला, तो दुकानातून हातोडा आणून फोडतो. मी म्हटलं, तू कमोड फोड. कुणाल म्हणाला, मी करतो. त्याला मी अडवलं. आमच्या घरात, ज्याच्या चाकाजवळ घडलं त्याने भाजलेलं भांडं फोडायचं नाही. मग उरले मी. बाकीच्या सहा मीच संपवल्या होत्या, ह्या चार वेगळ्या कशाला?

अंगणात पोतं अंथरलं. अर्चना एकेक बाटली आणून द्यायची. देण्याआधी ती धरून उभी राहायची, आणि त्या खड्ड्यांत स्वतःची बोटं घालून बघायची. तिची बोटं बारीक, खड्डे मोठे. मी म्हटलं, “दे गं लवकर, हात दुखतो माझा.” खोटंच.

पहिली एका घावात फुटत नाही, सांगून ठेवते. जाड होती ना. तीन घाव लागले. फुटल्यावर आतला लाल रंग बाहेर आला, सगळं पोतं लाल. कुणाल भिंतीला टेकून उभा होता, शेवटपर्यंत हलला नाही.

नंतर रणजितने केरसुणी घेतली. अर्चना घ्यायला गेली तर दिली नाही. रणजित पाच वर्षांचा होता तेव्हापासून मी त्याला केर काढताना बघितलं नाही. आज कोपऱ्याकोपऱ्यातून काढला. मग पोत्याचं तोंड बांधून गाडीत घातलं आणि गाडीत बसून राहिला. बऱ्याच वेळाने निघाला.

१२ एप्रिल, शनिवार

प्रदर्शन झालं. सहा जोड्या उभ्या होत्या. चार बाटल्या कुणालच्या एकट्याच्या, आडव्या पडलेल्या. पर्णिकाने विचारलं, ह्यांना स्टँड देऊ का? कुणाल नको म्हणाला.

लोक बरेच आले. गोरे होते, मल्याळी होते, एक-दोन इथलेही. सगळ्यांना त्या सहा आवडल्या, मी बडवलेल्या. किती पातळ, किती सफाई. एका बाईने विचारलं, “जोडीतली दुसरी कुणी केली?”

कुणालने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “माय ग्रँडमदर.”

टाळ्या वाजवल्या त्यांनी. खोटं नव्हतं ते. मी खुर्चीत बसून हात पदराखाली घेतले.

२७ एप्रिल, रविवार

परवा हुमैदचा निकाह झाला. आम्हाला बोलावणं नव्हतं. कुणाल दिवसभर शेडमध्ये होता, आला तेव्हा हात स्वच्छ होते. महिना झाला, चाकावर बसलेला नाही. रणजित आता मनालीचं नाव काढत नाही. काल कुणालशेजारी बसून दोघांनी क्रिकेट बघितलं, बोलले नाहीत, पण उठलेही नाहीत.

जेवायच्या आधी मी कुणालला म्हटलं, “माझ्या हातून चूक झाली रे.” तो म्हणाला, “आजी, इट्स फाइन.” रोजचंच आहे आमचं. त्याने माफ केलं तरी मी मागणार. मला दुसरं काय काम आहे?

अर्चना म्हणते, “आई, आज थोडं मी माझं लिहू?” लिही म्हटलं. माझ्या डोक्यापेक्षा तुझं डोकं चालू राहणं महत्त्वाचं, स्वयंपाक तुझ्याकडे आहे. ती लिहिते आहे. काय लिहितेस विचारलं तर वाचून दाखवत नाही. मी आपली बाथरूमच्या फोटोकडे बघत बसले आहे.

आई, तुम्ही समोर बसला आहात आणि हे मी वाचून दाखवणार नाही. अकरा फेब्रुवारीला मी चहा घेऊन दारात आले तेव्हा पहिलीच बाटली तुमच्या मांडीवर होती. पाच तशाच होत्या, सगळे ठसे होते. ते काय आहेत हे मला माहीत होतं. कुणालने सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. “आई, थांबा” एवढंच म्हणायचं होतं. मला वाटलं, ठसे गेले की त्या दोघांमधलं जे आहे तेही जाईल. सहाही होईपर्यंत मी उभी राहिले. तुम्ही रोज माझ्यासमोर त्याची माफी मागता, तो रोज देतो, आणि मी पोळी वाढते. मग तुम्ही म्हणता, लिही, माझ्या हातून चूक झाली. मी लिहिते.